ढोलाचे सॅम्पल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तालवाद्याच्या एकेका आघाताचे सुटे ध्वनिमुद्रण म्हणजे सॅम्पल. मिक्सिंग करताना ते हवे तिथे बसवता येते. तयार संचांमध्ये पाश्चात्त्य ड्रमसेटचाच भरणा असतो. अहेरी, एटापल्ली, भामरागड भागात माडिया गोंडांच्या रेला नृत्यात घुमणाऱ्या ढोलाचा आवाज हवा असेल, तर तो मुद्रित करूनच घ्यावा लागतो. या कामाभोवती काही गैरसमज आहेत.

गैरसमज : एक दमदार थाप मुद्रित केली की काम भागते.
वस्तुस्थिती : जोर वाढला की थाप नुसती मोठी होत नाही, तिचा पोतही बदलतो, वरच्या कंप्रता अधिक उमटतात. मिडी या डिजिटल संगीत-संकेतप्रणालीत आघाताच्या जोराचे मूल्य १ ते १२७ असते. म्हणून हलक्यापासून जोरकसपर्यंत चार-पाच पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर तीन-चार थापा घ्याव्यात. एकच थाप पुन्हापुन्हा वाजली की ताल निर्जीव वाटतो.

गैरसमज : चामडे केव्हाही सारखेच वाजते.
वस्तुस्थिती : पावसाळ्यात दमट हवेने चामडे सैल पडते आणि स्वर उतरतो. शेकोटीजवळ शेकले की पान (मढवलेले चामडे) ताणले जाते, स्वर चढतो; पण थोड्या वेळाने पुन्हा उतरू लागतो. सगळ्या पातळ्या एकाच बैठकीत घ्याव्यात आणि अधूनमधून पहिल्या थापेशी स्वर ताडून पाहावा.

गैरसमज : महागड्या स्टुडिओशिवाय हे जमत नाही.
वस्तुस्थिती : शांत जागा आणि प्रतिध्वनी शोषणारी खोली महत्त्वाची. भिंतींलगत गाद्या, गोधड्या टांगल्या तरी मोठा फरक पडतो. पंखा बंद हवा. पत्र्यावरचा पाऊस आणि रातकिडे टाळावेत, कारण थापेची आस विरताना मागचा आवाज उघडा पडतो आणि अनेक सॅम्पल एकत्र वाजले की तो साठत जातो.

गैरसमज : मुद्रणाची पातळी जितकी वर, तितका आवाज चांगला.
वस्तुस्थिती : २४ बिट मुद्रणाची सैद्धांतिक व्याप्ती सुमारे १४४ डेसिबल असते, त्यामुळे वर जागा राखायला हरकत नाही. सर्वांत जोरकस थाप उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावी. शून्याच्या वर गेलेली थाप फाटते. ती पूर्ववत करता येत नाही.

गैरसमज : दोन मायक्रोफोन लावले की आवाज आपोआप भरदार होतो.
वस्तुस्थिती : एका पानावर थाप पडली की ते आत दबते, तर दुसरे बाहेर फुगते. दोन्ही बाजूंचे मुद्रण तसेच मिसळले तर खर्ज एकमेकांना खोडतो. एका मायक्रोफोनची ध्रुवता उलटवून दोन्ही मोनोमध्ये ऐकावेत. ज्यात खर्ज भरीव लागतो ती मांडणी ठेवावी.

गैरसमज : वाद्य लोकपरंपरेतले, म्हणून परवानगी लागत नाही.
वस्तुस्थिती : कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला, त्याची मुदत ५० वर्षे आहे. मुद्रणापूर्वी त्याचा उपयोग वादकाला माडिया किंवा त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावा, लेखी संमती घ्यावी आणि मानधन द्यावे. पुढे श्रेय देता यावे म्हणून प्रत्येक फाइलसोबत वाद्य, गाव, दिनांक आणि वादकाच्या संमतीने त्याचे नाव यांची नोंद ठेवावी.