ऑस्ट्रेलियाचा पक्षी आणि मलकापूरचे ऊन

बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून मिळणाऱ्या बजरीगरांसाठी अंगणात किंवा गच्चीवर उडण्याजोगा मोठा पिंजरा बांधायचा ठरला, की बुलढाणा जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "हे पक्षी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले, त्यांना आपल्या उन्हाचे काय?" मग चार खांब, भोवती जाळी, वर टिनपत्रे आणि काम संपले.

हा समज पक्ष्यांच्या जिवावर उठतो. रानातला बजरीगर भर दुपारी झाडाच्या सावलीत गप्प बसतो आणि पाणी आटले की थव्याने दूरवर निघून जातो. तरीही उष्णतेच्या लाटेत तो मरतोच. ऑस्ट्रेलियात 1932 साली असे पक्षी हजारोंनी मेले. जानेवारी 2009 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पारा 45 अंशांपलीकडे गेला, तेव्हा पुन्हा तेच घडले. मॅककेचनी, हॉकी आणि वुल्फ या संशोधकांनी 2012 साली 'इमू' या शोधपत्रिकेत या घटना नोंदवल्या आहेत.

पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, एवढेच त्याच्या हाती असते. मलकापूर, शेगाव, खामगाव या घाटाखालच्या गावांत मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो; तापलेल्या पत्र्याखाली त्याहून जास्त. रानातला पक्षी जागा बदलतो. पिंजऱ्यातल्याने जायचे कुठे?

म्हणून आधी सावली, मग जाळी. पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून शेडनेट किंवा पऱ्हाट्यांचे छप्पर घालावे. पऱ्हाट्यांवर फवारणीचे विष उरलेले असू शकते, तिथवर चोच पोचू देऊ नये. पिंजऱ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की उतरते ऊन अरुंद बाजूवर पडते. त्या बाजूला ओले गोणपाट टांगावे. कोरड्या हवेत ते कूलरसारखे काम करते, पावसाळी दमट हवेत मात्र नाही.

उंच पिंजरा चांगला, हेही खरे नाही; बजरीगर आडवा उडतो, त्याला लांबी हवी. कोंबड्यांची जाळी उंदीर-सापांना अडवत नाही, बारीक वेल्डेड जाळी घ्यावी. नव्या जाळीवरचे जस्ताचे कण पोटात गेले तर विषबाधा होते, ती आधी व्हिनेगरने घासून धुवावी.

मोठा पिंजरा केला म्हणजे आपला हिरवा पोपट पाळता येतो, असेही काही जण मानतात. मुळीच येत नाही. हा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनुसार दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि त्याला पाळणे हा गुन्हा आहे. घरात असा पोपट असेल तर तो वनविभागाकडे सोपवा.