गाडीचे डोके शांत राहावे म्हणून

गोडादऱ्यात आमच्या घरासमोर एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. ती वडिलांनी घेतलेली. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांना गावाची वाट मोडू न देणे हे एक व्रतच असते. आमच्या घरी ते व्रत या गाडीने सांभाळले. अखाजीला धुळ्याकडे दिलेली बहीण माहेरी आणावयास हीच गाडी जात असे.

या गाडीविषयी आपलेपणा वाटण्यास आणखीही एक कारण आहे. ती घडविणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली केली. वालचंद सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती घराण्यातले. आम्ही सुरतेत स्थायिक झालेले मराठी! मूळच्या इटालियन फियाट ११०० चा हा कुर्ल्याच्या कारखान्यातील अवतार. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता ज्यांच्या दारी ही गाडी उरली आहे, त्यांनीच तिचे आरोग्य राखावयाचे आहे.

२०११ च्या अखाजीला कोंडाईबारीच्या घाटात बॉनेटखालून वाफ उसळली. वाटेतल्या एका कारागिराने पान्याला लोखंडी नळी अडकवून हेडचे बोल्ट होते नव्हते तेवढ्या जोराने आवळले. गळती थांबली नाहीच. उलट एका बोल्टचे आटे गेले आणि हेडही वाकले. त्या वर्षी बहीण बसने माहेरी आली.

चूक कोठे झाली, हे पुढे एका वृद्ध मेकॅनिकने आम्हांस समजावून दिले. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोहोंमधील गॅस्केट या ओढाताणीत हळूहळू चेपत जाते आणि बोल्टांची पकड सैल होते. म्हणून नवे गॅस्केट बसविल्यावर इंजिन एकदा पुरते तापवून, रात्रभर थंड होऊ देऊन, बोल्ट पुन्हा मापाने आवळावे लागतात. साधारणतः ५०० ते १००० किलोमीटरनंतर आणखी एकदा. काही नव्या गॅस्केटांना याची गरज नसते. म्हणून सोबतचा कागद आधी वाचावा.

आवळण्याचीही एक रीत आहे. पलंगावरची चादर आपण मधून कडेकडे हात फिरवीत सारखी करतो, तसेच मधल्या बोल्टपासून आरंभ करून कडेला जावे. एका वेळी एकच बोल्ट किंचित सैल करावा आणि टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आणावा. जाम बसलेला बोल्ट सैल न करता आवळला, तर पाना खोटाच आकडा दाखवितो. हेड नव्याने बसविताना मात्र सर्व बोल्ट दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. शेवटी टॅपेटची फट तपासावी, कारण हेड किंचित खाली बसले की तीही बदलते.

गळती नेहमी हेडचीच असते असे नाही. होज पाईप, वॉटर पंप आणि रेडिएटरचे झाकण आधी पाहावे. गृहिणींना कुकरची रबरी रिंग ठाऊक आहेच. ती सैल झाली की दाब धरत नाही, तसेच या झाकणाचे. मात्र तापलेल्या गाडीचे झाकण कदापि उघडू नये. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसणे, ही गॅस्केट गेल्याची लक्षणे समजावीत. बोअरचे जड पाणी आत क्षार साठविते. त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारे कूलंट घालावे.

त्या वृद्ध मेकॅनिकने हेडचे फेसिंग करविले, आटे दुरुस्त केले, गॅस्केट बदलले आणि तीन दिवस गाडी हलवू दिली नाही. आमची घाई पाहून ते एवढेच म्हणाले, "दादा, जोर तर सगळ्यांकडे असतो, माप थोड्यांकडे असते."

पुढल्या अखाजीला गाडीने कोंडाईबारीचा घाट पाण्याचा एक थेंबही न सांडता पार केला. परतताना बहीण मागच्या आसनावर, वडिलांच्या नेहमीच्या जागी बसली होती.