चादरीनंतरचं सोलापूर

सोलापूरच्या पूर्वभागात शिरलं की आधी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि मग तेलुगू. साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक या भागांतले पद्मशाली विणकर तेलंगणातल्या दुष्काळांना कंटाळून इकडे आले. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली; पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी शहर बंद पडलं नाही, कारण विणण्याची विद्या गिरणीत नव्हती, माणसांच्या हातात होती. गिरण्यांच्या पडझडीवर उसासे टाकणाऱ्या लेखांत ही गोष्ट बहुधा राहून जाते.

सोलापुरी चादरीची सगळी करामत मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जॅकार्डमध्ये असते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावरून फिरत राहते. धोट्याच्या दर फेरीला एक पुठ्ठा समोर येतो. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिचा हूक ताण्याचा धागा वर उचलतो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. वर आणि खाली राहिलेल्या धाग्यांमधून धोटा निघून जातो. असं हजारो वेळा झाल्यावर चादरीवर मोर उमटतो, आणि उलट्या बाजूला तोच मोर रंगांची अदलाबदल करून. पुठ्ठ्यात एक भोक चुकलं, तर ती चूक त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीत उतरते. म्हणून पुठ्ठे पाडणाऱ्या कारागिराचा मान मोठा.

या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेललाही मिळालं. तरी बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी कितीतरी चादर सोलापूरला ओळखतसुद्धा नाही. पानिपतची मऊ, हलकी, स्वस्त ब्लँकेटं आली आणि जाड सुती चादरीचं गिऱ्हाईक कमी झालं. मानांकनाचा कागद नकलेला अडवू शकतो, पण गिऱ्हाइकाची बदललेली आवड नाही. हे ज्यांनी वेळेत ओळखलं ते टेरी टॉवेलकडे वळले. टॉवेलला दोन ताणे लागतात, एक घट्ट आणि एक सैल. सैल ताण्याचे फासे वर येतात आणि तेच पाणी शोषतात. या टॉवेलनं परदेशी बाजारपेठ मिळवली. गेल्या दशकात शाळांच्या आणि कंपन्यांच्या गणवेशांच्या शिलाईनं जोर धरला, गणवेशांची प्रदर्शनंही भरू लागली. म्हणजे सोलापूरनं आपला धंदा याआधीही बदललेला आहे, कुणी धोरण आखून देण्याची वाट न बघता.

सरकारी खात्यातलं पुनरुज्जीवन मात्र वेगळं दिसतं. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव आलं. विमानांना अडथळा होतो म्हणून 15 जून 2023 रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली आणि दोन वर्षांनी गोव्याचं विमान सुटलं. विमान हवंच, माल बघायला येणाऱ्या व्यापाऱ्याची सोय होते. पण याच शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलं आहे, आणि सूत रंगवायला पाणी लागतं. शिकलेली पोरं पुण्याला जातात, त्यांना दोष कोण देणार?

मला विचाराल तर सोलापुरातली अलीकडची सर्वांत शहाणी आर्थिक योजना कारखान्याची नव्हती, घरांची होती. कुंभारीजवळचं रे नगर असंघटित कामगारांसाठी आहे, एकूण 30 हजार घरांचं. त्यातल्या पहिल्या 15 हजार घरांचं वाटप जानेवारी 2024 मध्ये झालं. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, शिलाईवाल्या यांच्यासाठी माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी त्याचा पाठपुरावा केला. पीसरेटवर जगणाऱ्या बाईच्या नावावर पक्कं घर असलं, की पुढच्या पिढीला शिकवायचं की कामाला लावायचं हे तिला ठरवता येतं.

घर आणि कारखाना वेगळे नसले की काय होतं, ते मे 2025 मध्ये दिसलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाच्या कुटुंबातली माणसं आणि कामगार एकाच इमारतीत राहत होते. सूत, यंत्रं आणि चूल एका छपराखाली ठेवून उद्योग वाढवायचा नसतो.

गणवेशाच्या धंद्यातही उद्या कुणी जास्त स्वस्त शिवून देणारा भेटेल, जसा चादरीला भेटला. स्वस्ताईच्या शर्यतीत सोलापूर जिंकणार नाही, त्या वाटेनं जाऊही नये. महापालिकेनं आणि सरकारनं आधी तीन गोष्टी कराव्यात: नळाला रोज पाणी, राहत्या घरापासून वेगळे आणि आगीपासून सुरक्षित गाळे, आणि शिलाईवालीला ठरलेला किमान दर. हे जमत नसेल तर नव्या प्रदर्शनाचे मंडप उभारू नयेत.