पाणी हिरवंगार झालं की मासे पहाटेच का मरतात?

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की काठाला हिरवा, रंग ओतल्यासारखा थर दिसतो. गावतळी आणि शेततळ्यांतही असंच होतं. संध्याकाळी ठणठणीत असलेले मासे सकाळी पोट वर करून तरंगतात. मग 'कुणीतरी विष टाकलं' म्हणून भांडणं लागतात. पण पाणी असं हिरवं असेल, तर मासे बहुतेक वेळा गुदमरून मेलेले असतात.

शेवाळ वाढतं कशामुळे?
पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. रानातलं खतही पावसाबरोबर वाहून येतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद हे शेवाळाचं खाद्य. साचलेलं कोमट पाणी आणि ऊन मिळालं की निळं-हिरवं शेवाळ झपाट्याने वाढतं.

पहाटेच का?
दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू वापरतं. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी तो सर्वांत कमी असतो. रोहू, कटला, मृगळ यांच्या चांगल्या वाढीसाठी लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तो फार खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ढगाळ दिवसानंतरची पहाट जास्त धोक्याची.

काही निळं-हिरवं शेवाळ विषही सोडतं. ते माशाच्या यकृतावर घाव घालतं. दाट शेवाळाने कल्ल्यांनाही त्रास होतो. असा मासा लगेच मरत नाही, पण खाणं सोडतो, वाढ खुंटते आणि रोगाला लवकर बळी पडतो.

काय करावं?
- हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय. फिकट हिरवं पाणी मात्र चांगलं, त्यात माशांचं नैसर्गिक खाद्य असतं.
- तळ्याकडे दुपारी नाही, पहाटे चक्कर मारा.
- मासे वर येत असतील तर खाद्य आणि शेणखत लगेच थांबवा. एरेटर लावा. तो नसेल तर मोटरने तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा. शक्य असेल तर थोडं ताजं पाणी घाला.
- सगळं शेवाळ एकदम मारायला मोरचूद टाकू नका. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि वाचलेले मासेही जातात.
- मेलेले मासे विकू नका, खाऊ नका. तळ्यापासून लांब पुरा.
- हिरवा थर आलेलं पाणी जनावरांना पाजू नका. उकळूनही हे विष जात नाही.

एका पहाटेत वर्षभराचा माल जाऊ शकतो. पाणी दाट हिरवं व्हायला लागलं की मासे वर यायची वाट न पाहता खाद्य कमी करा आणि मोटर तयार ठेवा.