ऑटोमॅटिक नाडीवर चालत नाही, सोलरला ऊन लागत नाही

ऑटोमॅटिक घड्याळ हातातल्या नाडीवर चालतं, असं कित्येक घरांत आजही ठामपणे सांगितलं जातं. घड्याळ काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांनी थांबतं आणि हातात घातलं की पुन्हा चालू होतं, एवढा पुरावा त्याला पुरतो. पण नाडीचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. मागच्या झाकणाखाली अर्धगोल आकाराचं एक जड पातं असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की हे पातं आसाभोवती फिरतं आणि दातेरी चाकांमार्फत मुख्य स्प्रिंग गुंडाळत राहतं. ती स्प्रिंग सावकाश सुटत जाते आणि काटे पुढे सरकतात. संग्राहकांकडे घड्याळं फिरवत ठेवणाऱ्या विजेवरच्या छोट्या पेट्या असतात. त्या पेट्यांत ही घड्याळं महिनोन्‌महिने चालतात.

मनगटी घड्याळात ही युक्ती आणणाऱ्या जॉन हारवूड या इंग्रज कारागिराला १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळालं. त्याच्या घड्याळातलं पातं दोन्ही बाजूंना अडत असे. पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला आणि आजची बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळं त्याच वाटेने चालतात. शरीराशी थेट नातं असलेलं घड्याळही एकदा निघालं होतं. सेकोने १९९८ मध्ये मनगटाच्या उष्णतेवर वीज तयार करणारं 'थर्मिक' विकायला आणलं. तो प्रकार फार पसरला नाही.

दुसरा गैरसमज रोजच्या वापरात जास्त त्रास देतो: ऑटोमॅटिकला चावी द्यावी लागत नाही, म्हणजे ते कधीच थांबत नाही. सेकोच्या ४आर३६ या मशीनचं उदाहरण घेऊ, कारण आजच्या सेको ५ मालिकेतल्या कितीतरी घड्याळांत तेच असतं. पूर्ण भरलेल्या स्प्रिंगवर ते साधारण ४१ तास चालतं. शुक्रवारी रात्री नऊला काढून टेबलावर ठेवलं, तर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास ते थांबतं. सोमवारी सकाळी घाईच्या वेळी वेळ, तारीख आणि वार तिन्ही लावत बसावं लागतं. टिसोच्या 'पॉवरमॅटिक ८०'सारखं मशीन नावाप्रमाणे ८० तास निघतं, त्यामुळे शनिवार-रविवारची सुट्टी त्यात सहज निभावते.

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची अडचण निराळी असते. की-बोर्डवर बोटं चालतात, पण मनगट फारसं हलत नाही. मग स्प्रिंग अर्धवटच भरते आणि घड्याळ पहाटे केव्हा तरी थांबतं. घरातल्या वयस्कर माणसाला हौसेने दिलेलं ऑटोमॅटिक 'सारखं बंद पडतं' म्हणून परत येतं, त्यात बहुधा बिघाड नसतो. सकाळी चावीला वीसेक फेरे दिले की प्रश्न सुटतो. मात्र जुन्या सेको ५ मधल्या ७एस२६ मशीनला हाताने चावी देण्याची सोयच नव्हती, ते हलवूनच चालू करावं लागतं. जास्त चावी दिली तर स्प्रिंग तुटेल, ही भीतीही अनाठायी आहे. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं बाहेरचं टोक ती ज्या डब्यात असते त्याच्या भिंतीवर घसरतं आणि जादा ताण पडत नाही.

महाग यांत्रिक घड्याळ म्हणजे अचूक घड्याळ, हा समज तर सुशिक्षित ग्राहकांतही पक्का असतो. आकडे उलट सांगतात. ४आर३६ साठी सेकोनेच ठरवलेली मर्यादा दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. प्रत्यक्षात बहुतेक नग याहून बरेच चांगले चालतात. तरीही दिवसाला २० सेकंद पुढे जाणारं घड्याळ महिन्यात दहा मिनिटं पुढे जातं. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मशीनला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्यात राहावं लागतं आणि तशा घड्याळांची किंमत कित्येक पटींनी जास्त असते. सोलर घड्याळ आतून क्वार्ट्झच असतं. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक त्याचा ताल धरतो, त्यामुळे साध्या सोलर घड्याळातही फरक महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास राहतो. ८.१२ ची लोकल रोज गाठायची असेल, तर ही तफावत लहान नाही.

ऑटोमॅटिक अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावू लागलं, तर मशीन गेलं असं समजून घाबरू नये. बहुतेक वेळा दोष चुंबकाचा असतो. मोबाइलचं चुंबकी कव्हर, पर्सचं बटण, स्पीकर यांच्या जवळ घड्याळ पडून राहिलं की आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना चिकटतात. घड्याळवाल्याकडे चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र असतं, काम मिनिटाभरात होतं. तारखेच्या बाबतीतही एक पथ्य आहे. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान अशा घड्याळाची तारीख चावीने बदलू नये, कारण त्या वेळी तारीख सरकवणारं चाक गुंतलेलं असतं आणि त्याचे दाते मोडू शकतात. रात्री काटे फिरवून सहाच्या आसपास आणावेत, तारीख लावावी आणि मग वेळ जुळवावी.

आता सोलरकडे. या घड्याळाला रोज उन्हात ठेवावं लागतं, हा त्याच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज, आणि दुकानदारही तो पसरवतात. खरं तर त्याला फक्त उजेड लागतो, मग तो ट्यूबलाइटचा का असेना. सौरपट्टी अर्धपारदर्शक डायलच्या खाली दडलेली असते आणि त्यातून झिरपलेला उजेड तिला पुरतो. सिटिझनने १९७६ मध्ये काट्यांचं पहिलं सौर घड्याळ आणलं तेव्हा पट्ट्या डायलवर उघड दिसत. १९९५ च्या 'इको-ड्राइव्ह'पासून त्या नजरेआड गेल्या. कॅसिओच्या अनेक सौर मॉडेलांच्या माहितीपत्रकात एका दिवसाच्या वापरापुरत्या भरणीचा हिशेब दिलेला असतो: बाहेरच्या लख्ख उन्हात ५ मिनिटं, खिडकीतून येणाऱ्या उन्हात २४ मिनिटं, ढगाळ दिवशी खिडकीपाशी ४८ मिनिटं आणि ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली ८ तास. ट्यूबलाइटखालची एक पाळी म्हणजे जेमतेम त्याच दिवसाची बेगमी, शिल्लक काही नाही. तीही डायल उघडी असेल तर. घड्याळ रोज पूर्ण बाहीच्या शर्टाखाली झाकलेलं राहिलं किंवा रात्रपाळीनंतर थेट कपाटात गेलं, तर ते महिनोन्‌महिने अर्धपोटी राहतं. आठवड्यातून एकदा दोन-तीन तास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं की भागतं.

कट्टाच, गाडीचा डॅशबोर्ड नव्हे. फुकट चार्ज होईल म्हणून मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद गाडीच्या काचेमागे घड्याळ ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. ६० अंशांच्या वर चार्ज करू नये, अशी सूचना सिटिझन देते आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतो.

सोलर घड्याळात बॅटरी नसते, हे तर साफ चूक आहे. अंधारात ते चालतं, कारण आत पुन्हा पुन्हा भरता येणारा सेल असतो. पूर्ण भरलेलं साधं इको-ड्राइव्ह अंधारात सुमारे सहा महिने निघतं. सेल फार सावकाश झिजतो, म्हणून वर्षानुवर्षं तो बदलावा लागत नाही. गोंधळ होतो तो भरणी संपत आल्यावर. तेव्हा सेकंद काटा दर सेकंदाला एक घर न सरकता दोन सेकंद थांबून दोन घरं एकदम उडी मारतो. ती केवळ सूचना असते, पण ग्राहकाला वाटतं घड्याळ बिघडलं. तो नाक्यावरच्या दुकानात जातो आणि तिथे साध्या घड्याळाचा सेल आत बसवला जातो. हा प्रकार धोक्याचा आहे. न भरता येणाऱ्या सेलमध्ये सौरपट्टी वीज ढकलत राहते, सेल गळतो, फुगतो आणि मशीन खराब करतो. सेल खरोखरच बदलायचा असेल, तर त्याच मशीनसाठी ठरलेला, पुन्हा भरता येणाराच मागून घ्यावा.

'कायनेटिक' नावाचा सेकोचा प्रकार पाहून अनेक जण ते ऑटोमॅटिक समजून घेतात. त्यात रोटर असतो, पण तो स्प्रिंग भरत नाही. तो वीज तयार करतो आणि घड्याळ क्वार्ट्झवर चालतं.

सोलरबरोबर विकली जाणारी आणखी एक सोय भारतात बिनकामाची ठरते. रेडिओच्या लहरींवरून रोज आपोआप वेळ लावणाऱ्या घड्याळांना जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या केंद्रांचे संदेश लागतात. महाराष्ट्रात ते पोहोचत नाहीत. फ्रँकफुर्टमध्ये किंवा तोक्योत राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनगटावर हे घड्याळ स्वतःच बिनचूक राहतं, पुण्यात आलं की ते नेहमीचं क्वार्ट्झ होतं. इथे वेळ आपोआप जुळायला हवी असेल, तर मोबाइलला ब्लूटूथने जोडणारं मॉडेल घ्यावं.

पावसाळ्यासाठी यातलं कोणतं चांगलं, असा प्रश्न कोकणात आणि मुंबईत नेहमी येतो. पाण्याचा संबंध मशीनशी नसून झाकणाच्या आणि चावीच्या रबरी वायसरांशी असतो. झाकणावरचं '३० मीटर' म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी एवढंच. पोहायचं असेल तर १०० मीटरचं घ्यावं. वायसर दोन्ही प्रकारांत कडक होतात, तेव्हा सोलरला देखभाल लागत नाही हेही पूर्ण खरं नाही.

निवड करताना किमतीपेक्षा आपली सवय आधी पाहावी. एकच घड्याळ, रोज, पावसात, बाइकवर, कामाच्या ठिकाणी घालायचं आणि त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, अशा माणसाने निःशंकपणे सोलर घ्यावं. हातोडा किंवा ड्रिल चालवणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण धक्के सोसायची सोय असली तरी यांत्रिक मशीन वारंवारच्या हादऱ्यांना कंटाळतं. ज्याला काचेच्या झाकणातून फिरणारा रोटर पाहायला आवडतं, सकाळी दोन मिनिटं वेळ लावणं जड वाटत नाही आणि पाच-सहा वर्षांनी तेलपाण्याचा खर्च मान्य आहे, त्याला ऑटोमॅटिक जो आनंद देतं तो सोलर देऊ शकत नाही. स्वस्त ऑटोमॅटिकच्या बाबतीत हा खर्च घड्याळाच्या किमतीशी स्पर्धा करतो, हे घेतानाच लक्षात ठेवावं.

जुनं ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत. जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' हे नाव वापरतात ते डायल नव्याने रंगवलेल्या, चार घड्याळांचे सुटे भाग जुळवून उभ्या केलेल्या सेको आणि एचएमटींसाठी. भडक रंगाची कोरी डायल आणि झिजलेली केस एकत्र दिसली, तर शंका घ्यावी. डायलवरच्या 'ज्वेल्स'च्या आकड्यालाही भुलू नये. ते कारखान्यात तयार केलेले माणकाचे खडे असतात, घर्षण कमी करण्यासाठी आसांच्या टोकांशी बसवलेले, आणि विकायला गेलं तर त्यांना किंमत येत नाही. घरच्या कपाटात आजोबांची एचएमटी 'कांचन' सापडली, तर ती झटकून लगेच रोज घालायला सुरुवात करू नये. आतलं तेल सुकलेलं असतं आणि कोरडी चाकं एकमेकांना घासून झिजतात. आधी मशीन उघडून धुऊन, तेल घालून घ्यावं, जुने वायसर बदलावेत आणि मगच ती मनगटावर चढवावी.