भावना सांगू नका, भोगायला लावा

कथा लिहिणाऱ्या आपल्या मुला-मुलींना एक सवय असते. दुःखाचा प्रसंग आला की ‘त्याचे काळीज फाटले’ असे लिहून मोकळे व्हायचे. वाचकाचे डोळे मात्र कोरडेच राहतात.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा वाचा. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परमुलखात खोली मिळावी म्हणून जात लपवतो. लोक त्याला मान देतात. मान वाढतो तशी आपली धास्ती वाढते: उद्या यांना कळले तर? शेवटी कळतेच, आणि मान देणारेच त्याच्यावर उठतात. ती धास्तीच आपल्याला पुढचे पान उलटायला लावते.

तेव्हा लिहिताना आपला माणूस काय गमावणार आहे, ते आधी दाखवा. मग रडा म्हणून सांगावे लागत नाही.