बालवाडीला काच किती हवी?

बालवाडी बांधायची ठरली की संस्थाचालक आधी मोठमोठ्या काचा मागतात. जितकी काच तितका उजेड, असा सरसकट समज. पण आपल्या बालवाड्या बहुतेक सकाळी भरतात. पूर्वेच्या काचेतून तेव्हा तिरपं ऊन थेट डोळ्यांवर येतं, छज्जाही ते अडवू शकत नाही. मग पडदे ओढायचे आणि भर दिवसा ट्यूबलाइट लावायची! मुलांना हवा तो उत्तरेचा किंवा दोन बाजूंनी येणारा मऊ उजेड. खिडकीही खाली हवी. तीन फुटांवर सुरू होणाऱ्या खिडकीतून जमिनीवर बसलेल्या मुलाला फक्त आभाळ दिसतं.

टोकियोलगतच्या ताचिकावामधली फुजी बालवाडी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. ताकाहारू आणि युई तेझुका या वास्तुविशारद दांपत्याची ही लंबवर्तुळाकार, एकमजली इमारत 2007 साली पूर्ण झाली. मध्ये अंगण, भोवती वर्ग, सरकती दारं वर्षातला बराच काळ उघडी आणि छतातही झरोके.

वर्गांमध्ये भिंती नाहीत, फक्त हलकं लाकडी सामान. मग गोंगाटात शिकवायचं कसं? आवाज असतोच, पण तो बाहेर निघून जातो. आपल्या बंद, फरशी बसवलेल्या खोलीत तोच आवाज भिंतींवर आपटून दुप्पट त्रास देतो. मागे थोडा आवाज असला तर मुलं जास्त एकाग्र होतात, असं तेझुका म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शांत कोपरा लागतोच.

छतावर मुलं म्हणजे धोका, हाही समज इथे टिकत नाही. फुजीचं अख्खं छत हेच मैदान. त्याला कोपरा नाही की शेवट नाही, त्यामुळे मुलं गोल गोल धावत राहतात. कठड्याच्या गजांतून पाय बाहेर सोडता येतात, डोकं जात नाही. झेल्कोव्हाची तीन जुनी झाडं छतातून वर आली आहेत आणि त्यांच्या बुंध्यांभोवती जाळ्या आहेत. आतलं छत अवघं 2.1 मीटर उंच, म्हणून वरची मुलं अंगणातल्या शिक्षकांच्या नजरेत राहतात. आपल्या उकाड्यात मात्र एवढ्या ठेंगण्या छताची नक्कल करू नये.

आराखडा हाती आला की वास्तुविशारदाला एवढं जरूर विचारा: सकाळी नऊ वाजता ऊन कुठे पडेल, आणि जमिनीवर बसलेल्या मुलाला अंगण दिसेल का?